टेबलांचं नातं आणि रकान्याचं नाव

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' बरेचसे काढलेत. जे राहिलेत ते गोड मानून घ्या.

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल: डेटाबेसमधली टेबलं एकमेकांना कशी जोडली जातात आणि त्यातल्या रकान्यांना नावं कोण देतं. पण सुरुवात करू एका ओळखीच्या शब्दापासून, जो तुमच्या घरात कधी ना कधी, बहुतेकदा भांडणाच्या सुरात, ऐकला असेल. सातबारा.

सातबारा म्हणजे काय? गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सातमध्ये जमीन कोणाची, तिच्यावर कोणाचे हक्क. बारामध्ये पीक कोणतं. दोन वेगळी टेबलं, दोन्हीकडे एकच गट नंबर, म्हणून ती एकाच कागदावर शेजारी मांडता येतात. गोव्यात हेच काम 'एक-चौदा' करतो. म्हणजे आपण ज्याला कॉम्प्युटरच्या भाषेत 'जॉइन' म्हणतो, तो आपल्याकडे चक्क एक नाम होऊन बसलाय. आणखी बघा. सातवर मालकाच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफार नंबर. त्या नंबरने तुम्ही नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही उघडली की कळतं, हे नाव इथे वारसाने आलं की खरेदीने. सातवर सगळी गोष्ट लिहिलेली नाही, फक्त नंबर आहे. हा नंबर म्हणजे 'फॉरिन की'. आणि गट नंबर १२५ नुसता सांगून उपयोग नाही, कारण तो प्रत्येक गावात असू शकतो. गाव आणि गट मिळून ओळख पटते. याला म्हणतात 'कॉम्पोझिट की'. तलाठ्याच्या दप्तरात हे सगळं कॉम्प्युटरच्या आधीपासून होतं, फक्त जोडणी डोळ्यांनी आणि बोटांनी व्हायची.

मग गंमत अशी की कॉम्प्युटर आला तेव्हा त्याने हे असं केलंच नाही. त्याने दुसराच रस्ता धरला. अक्षरशः रस्ता.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाकमन नावाच्या इंजिनियरने 'इंटिग्रेटेड डेटा स्टोअर' नावाची प्रणाली बांधली. कारखान्याचा हिशोब ठेवायचा होता: कोणता माल, कोणते सुटे भाग, कोणाची ऑर्डर. बाकमनने नोंदी एकमेकींना साखळीने जोडल्या. ग्राहकाच्या नोंदीत त्याच्या पहिल्या ऑर्डरचा डिस्कवरचा पत्ता. पहिल्या ऑर्डरमध्ये दुसरीचा पत्ता. दुसरीत तिसरीचा. शेवटची ऑर्डर पुन्हा ग्राहकाकडे. ट्रेझर हंटसारखं: या चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीची जागा.

याला हसू नका. तेव्हाच्या डिस्क इतक्या संथ होत्या की 'सगळं चाळून बघ' हा पर्यायच नव्हता. थेट पत्ता हातात असणं म्हणजे श्रीमंती. बाकमनला १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि त्या वेळच्या भाषणात त्याने प्रोग्रामरला नाविक म्हटलं. डेटाच्या समुद्रातून एका नोंदीवरून दुसरीवर वाट काढत जाणारा.

आयबीएमकडे याचाच एक चुलतभाऊ होता, आयएमएस. अपोलो मोहिमेच्या यानासाठी सुट्या भागांची प्रचंड यादी सांभाळायची होती, त्यातून तो जन्मला. १९६८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथे तो पहिल्यांदा चालू झाला. त्याची रचना झाडासारखी: यान, त्याखाली मोठे भाग, त्याखाली छोटे, त्याखाली स्क्रू. झाडाच्या शेंड्यावरून खाली उतरायला झकास. पण कोणी विचारलं की 'हा एक स्क्रू नेमका कुठे कुठे वापरलाय?' की झालं. प्रश्न खालून वर जातो आणि झाड वरून खाली बांधलेलं. मग आधीपासून वेगळी सोय केलेली हवी, नाहीतर नवा प्रोग्राम लिहा, नाहीतर प्रश्न सोडून द्या.

इथे खरा मुद्दा आहे. नातं म्हणजे रस्ता असेल, तर ज्या प्रश्नासाठी कोणी रस्ता बांधला नाही तो प्रश्न तुम्हाला विचारताच येत नाही. मॅनेजरच्या मनात सोमवारी शंका आली, तर उत्तरासाठी प्रोग्रामरच्या दारात रांग. आणि प्रोग्रामरने एखादा रस्ता वळवला, तर त्यावरून जाणारे जुने सगळे प्रोग्राम खड्ड्यात.

याला वैतागलेला माणूस होता एडगर कॉड. सगळे त्याला टेड म्हणत. जन्म १९२३, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्टलंडचा. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र, मध्येच दुसरं महायुद्ध, त्यात रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि मग आयबीएममध्ये प्रोग्रामर झाला. अमेरिकेत सिनेटर मॅकार्थीची कम्युनिस्ट-शोध मोहीम सुरू झाली तेव्हा हा चिडून १९५३ मध्ये कॅनडाला निघून गेला. काही वर्षांनी परत आला, चाळिशीत मिशिगनला पीएचडी केली आणि नंतर आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. गणिती माणूस. त्याला ती साखळ्यांची आणि पत्त्यांची दुनिया अजागळ वाटली.

१९७० च्या जूनमध्ये त्याचा निबंध छापून आला. पुढच्या पन्नास वर्षांच्या बँका, विमान तिकिटं, पगारपत्रकं आणि तुमच्या मोबाईलमधली निम्मी अ‍ॅप्स ज्यावर उभी राहिली, तो निबंध जेमतेम अकरा पानांचा आहे. त्याचं म्हणणं साधं होतं: माहिती वापरणाऱ्याला ती मशिनमध्ये कुठे आणि कशी ठेवलीय हे माहीत असण्याची गरजच नको. सगळी माहिती साध्या टेबलांत ठेवा. दोन टेबलांचं नातं पत्त्याने दाखवू नका, मूल्याने दाखवा. ऑर्डरच्या टेबलात ग्राहक नंबर ४०७ लिहिलाय, ग्राहकांच्या टेबलात ४०७ आहे, झालं नातं. मध्ये तार नाही, साखळी नाही. वर्तुळातला फेरफार नंबर, अगदी तोच.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे जी बहुतेक लोक ओलांडून जातात, आणि मला विचाराल तर त्या निबंधातली सगळ्यात आवडती जागा तीच. कॉड म्हणतो की टेबलात रकाने कोणत्या क्रमाने आहेत हे माणसाने लक्षात ठेवायचं नाही. मोठ्या टेबलात तीस रकाने असतील तर 'सतरावा रकाना' असं कोण बोलणार? मग रकाना ओळखायचा कशाने? नावाने. पण लगेच अडचण आली. त्याने उदाहरण घेतलं एका भागात दुसरा भाग किती वेळा बसतो याचं: भाग, भाग, संख्या. दोन रकान्यांत एकाच जातीचा माल, भाग क्रमांक. दोन्हींना 'भाग' म्हटलं तर कोण कोणात बसतो कसं कळणार? म्हणून त्याने सांगितलं, अशा वेळी नावात भूमिका घाला: एक 'उप-भाग', दुसरा 'मुख्य-भाग'.

म्हणजे रिलेशनल डेटाबेसच्या जन्मपत्रिकेतच फील्डला नाव कसं द्यायचं याचा प्रश्न होता. आणि तो असायलाच हवा होता. पूर्वी नातं कळायचं ते रस्त्याने. रस्ता काढून टाकल्यावर उरलं काय? मूल्य आणि नाव. ४०७ हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. तो ग्राहक आहे, रक्कम आहे की खोली नंबर, हे फक्त रकान्याचं नाव सांगतं.

याआधी नावांचं एवढं महत्त्व नव्हतं का? होतं, पण घरापुरतं. १९५९-६० च्या सुमारास आलेल्या कोबोल भाषेत तीस अक्षरांपर्यंत नाव देता यायचं, वाचून समजेल असं. फोर्ट्रानमध्ये सहाच अक्षरं. पण ते नाव त्या प्रोग्रामचं असायचं. एकाच फाईलच्या त्याच बाराव्या अक्षरापासूनच्या तुकड्याला एक प्रोग्राम एक म्हणे, दुसरा दुसरंच. कॉडनंतर नाव डेटासोबत राहायला लागलं. सगळ्यांसाठी एकच. घरातलं लाडाचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव यात जेवढा फरक, तेवढा.

कॉडच्या मालकांना ही कल्पना फारशी आवडली नाही, कारण आयएमएस जोरात विकलं जात होतं. चालू दुकानासमोर स्वतःच दुसरं दुकान कोण टाकेल? मे १९७४ मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर इथे एका परिषदेत कॉड आणि बाकमन समोरासमोर आले. जाहीर वाद झाला, रस्तेवाले विरुद्ध टेबलवाले. रस्तेवाल्यांचा आक्षेप होता की हे गणित सुंदर आहे, पण मशिनवर कासवासारखं चालेल. टेबलवाले म्हणत, रस्ता शोधणं हे माणसाचं काम नाही, ते मशिनवर सोपवा.

त्याच परिषदेत आयबीएमच्या दोन तरुणांनी एक छोटा निबंध वाचला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस. कॉडच्या गणिती खुणा सामान्य माणसाला कळणार नाहीत म्हणून त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांची एक भाषा केली होती, नाव 'सीक्वेल'. चेंबरलिनने पुढे सांगितलंय की त्याचं मन कशाने वळलं. जुन्या पद्धतीत पाच-पाच पानांचे प्रोग्राम लागणारे प्रश्न कॉड एका ओळीत लिहून दाखवायचा. त्यातला एक गाजलेला प्रश्न: आपल्याच मॅनेजरपेक्षा जास्त पगार कोणाला आहे? (नोकरी करणाऱ्यांनो, हसा.) यात टेबल एकच, कर्मचाऱ्यांचं. पण त्यातला एक माणूस कर्मचाऱ्याच्या भूमिकेत आणि दुसरा मॅनेजरच्या. पुन्हा तेच, भूमिका.

बॉइस त्याच वर्षी अचानक वारला, तिशीही गाठली नव्हती. चेंबरलिन आणि बाकीच्यांनी 'सिस्टिम आर' नावाच्या प्रकल्पात काम पुढे नेलं आणि दाखवून दिलं की मशिन स्वतः रस्ता शोधू शकतं, तेही पुरेशा वेगाने. 'सीक्वेल' हे नाव मात्र सोडावं लागलं, कारण एका ब्रिटिश विमान कंपनीचा त्यावर ट्रेडमार्क होता. स्वर गाळून उरलं एसक्यूएल. नावांच्या या गोष्टीत खुद्द भाषेचंच नाव असं कापलं गेलं. तिकडे बर्कलेमध्ये मायकल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी 'इंग्रेस' बांधलं, आणि आयबीएमचे छापील निबंध वाचून लॅरी एलिसनच्या छोट्या कंपनीने १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलं, आयबीएमच्या आधी. आयबीएमचं स्वतःचं एसक्यूएल उत्पादन १९८१ मध्ये आलं. त्याच वर्षी कॉडला ट्युरिंग मिळालं.

मग सगळ्यांनाच 'रिलेशनल' व्हायचं होतं. जुन्या मालावर नवं लेबल. कॉड इतका वैतागला की १९८५ मध्ये त्याने बारा नियम छापले, की रिलेशनल म्हणवून घ्यायचं असेल तर एवढं तरी पाळा. (नियम प्रत्यक्षात तेरा आहेत, कारण त्याने शून्यापासून मोजले. गणिती माणूस!)

आपल्याकडे ही हवा आली ती एका वेगळ्या दारातून. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले, आणि त्यांच्या पाट्यांवर डीबेस आणि फॉक्सप्रो ही नावं असायची. कॉडच्या नियमांत ती बसत नव्हती, पण दुकानदार, पतपेढी, शाळेचं ऑफिस यांचा पहिला हिशोब अनेक ठिकाणी त्यांच्यावर गेला. तिथे फील्डच्या नावाला जास्तीत जास्त दहा अक्षरं. 'कस्टमरनेम' इंग्रजीत लिहायला बारा लागतात. मग 'कस्टनेम', 'बिलनो', 'एएमटी'. तुमच्या मामाने किंवा काकूने क्लास केला असेल तर विचारा, पटकन आठवेल. ती दहाची मर्यादा गेली त्याला जमाना झाला, पण त्या सवयीची नावं आजही नव्या अ‍ॅपमध्ये भेटतात, कारण डेटा नव्या घरात हलवताना माणसं जुन्या डब्यांवरची लेबलं तशीच ठेवतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्यातच रोज टाईप होतंय. हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात सॅप या सॉफ्टवेअरवर काम करणारी हजारो मुलंमुली आहेत. त्यांना विचारा, मालाचा कोड कुठल्या फील्डमध्ये? 'मॅटनर'. ग्राहक? 'कुन्नर'. पुरवठादार? 'लिफनर'. कंपनी कोड? 'बुकर्स'. हे काय आहे? जर्मन आहे. सॅप १९७२ मध्ये जर्मनीत सुरू झालं, आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी काढलेलं. माटेरियालनुमर, कुंडननुमर, लिफेरांटेननुमर, बुखुंग्सक्राइस यांची ही कापलेली रूपं. विक्रीच्या ऑर्डरची दोन टेबलं: 'व्हीबाक' आणि 'व्हीबाप'. पहिल्यातला शेवटचा 'के' म्हणजे कोप्फ, डोकं. बिलाचा वरचा भाग, तारीख आणि ग्राहक. दुसऱ्यातला 'पी' म्हणजे पोझित्सिओन. खालच्या ओळी, कोणता माल किती. दोन्हींना जोडणारा ऑर्डर नंबर एकाच नावाने दोन्हीकडे. जर्मनचा एक शब्द न येणारं लातूरचं पोरगं ही नावं झोपेतही म्हणतं. तेव्हा कुणीतरी पाच अक्षरांत बसवलेलं नाव आज दुसऱ्या खंडातल्या माणसाची रोजीरोटी आहे.

या नावांना लोक नाकं मुरडतात. मी मुरडणार नाही. दिसायला ती विचित्र आहेत, पण शिस्तीची आहेत. ग्राहक नंबर म्हटलं की बहुतेक टेबलांत 'कुन्नर'च. एकदा पाठ केलं की अनोळखी टेबल उघडूनही कळतं, हे कशाला जोडायचं. आणि एकाच ऑर्डरवर माल मागवणारा, माल घेणारा, बिल ज्याच्या नावे जाणार तो आणि पैसे भरणारा असे चार वेगळे ग्राहक असू शकतात. त्यासाठी वेगळं टेबल आहे, ज्यात ग्राहक नंबरासोबत त्याची भूमिका लिहितात. कॉडचा 'उप-भाग, मुख्य-भाग' बिलाच्या कागदावर पोचला तो असा.

याउलट गोड, साधी, सगळ्यांना समजणारी नावं धोका देतात. १९९२ च्या एसक्यूएल मानकात 'नॅचरल जॉइन' आला. दोन टेबलांत जे रकाने एकाच नावाचे असतील, त्यांच्यावरून मशिन आपोआप जोडून देणार. ऐकायला काय सोय! आता समजा, तुमच्या ऑर्डरच्या टेबलात 'कस्टमर_आयडी' आणि 'स्टेटस' आहे. ग्राहकांच्या टेबलातही 'कस्टमर_आयडी' आणि 'स्टेटस' आहे. ऑर्डरचा स्टेटस 'डिलिव्हर्ड', ग्राहकाचा 'अ‍ॅक्टिव्ह'. मशिन दोन्ही रकाने जुळवायला जाणार, 'डिलिव्हर्ड' कधीच 'अ‍ॅक्टिव्ह' होणार नाही, आणि उत्तर येईल रिकामं. एरर नाही, लाल अक्षर नाही. फक्त 'एकही ऑर्डर नाही'. मशिनच्या दृष्टीने चूक झालीच नाही. दोघांचं नाव एक म्हणजे दोघं एकच. म्हणून अनुभवी लोक 'ऑर्डर_स्टेटस' असं लिहितात आणि जॉइन कशावर ते स्वतः सांगतात. तुम्ही नवं अ‍ॅप बांधत असाल तर एवढं तरी करा. टेबलाचं नाव एकवचनी की अनेकवचनी, यावर मात्र रात्री जागवू नका. काहीही ठेवा, सगळीकडे तेच ठेवा.

आता माणसांच्या नावांकडे येऊ, कारण तिथे हा प्रश्न थेट अंगाशी येतो. अमेरिकी पद्धतीच्या फॉर्ममध्ये तीन फील्ड असतात: फर्स्ट, मिडल, लास्ट. आपण मराठी माणसं त्यात आरामात बसतो असं वाटतं. पण 'मिडल नेम' हे जागेचं नाव आहे, भूमिकेचं नाही. कॉडने टाळायला सांगितलेला 'सतरावा रकाना' तो हाच. आपल्याकडे त्या जागेवर वडिलांचं नाव. लग्नानंतर बहुतेक बायकांच्या बाबतीत नवऱ्याचं. आणि आडनावही बदललेलं. म्हणजे तीनपैकी दोन रकाने एका दिवसात फिरतात. बँकेत एक, मार्कशीटवर दुसरं. नावावरून टेबलं जोडणाऱ्या सिस्टिमसाठी ती बाई दोन वेगळ्या व्यक्ती झाली. कॉडने १९७९ च्या निबंधात यावर उपाय सुचवला होता: ओळख पटवायला सिस्टिमने स्वतःचा, कधी न बदलणारा, काहीच अर्थ नसलेला खूणक्रमांक द्यावा. नाव बदलो, आडनाव बदलो, तो क्रमांक तोच.

आणि मग २०२४. महाराष्ट्र सरकारने ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं. फार चांगला निर्णय, माझ्या मते. पण तीन रकान्यांच्या सिस्टिमसमोर बसलेल्या माणसाने काय करायचं? ज्यांनी आधीच 'आईचे नाव' आणि 'वडिलांचे नाव' असे भूमिकेचे रकाने ठेवले होते, त्यांना फक्त छापायचा क्रम बदलायचा. ज्यांच्याकडे 'मिडल नेम' आहे, तिथे दोन्ही नावं मध्ये एक स्पेस देऊन एकाच रकान्यात कोंबण्याचा मोह होणार. मग 'सविता सुरेश' हे आई आणि वडील आहेत, की एकाच व्यक्तीचं जोडनाव, हे मशिनला कधीच कळणार नाही. आईच्या नावावरून मूल शोधायचं म्हटलं तर शोधता येणार नाही, कारण आई नावाचा रकानाच नाही. एका खान्यात एकच मूल्य, ही कॉडची अगदी पहिली अट होती.

ही मुलं २०३० च्या आसपास पहिलीत जातील. शाळांची सॉफ्टवेअर तोपर्यंत बदलायला अजून थोडा वेळ आहे. भेटू पुढच्या भागात.